झेंडू व ब्रोमेलिया : उद्यानशोभेच्या वनस्पती

झेंडू व ब्रोमेलिया हे बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या वनस्पतींचे दोन अगदी भिन्न गट आहेत. पहिला गट सूर्यफूल कुलातील टॅजेटीस या प्रजातीचा असून दुसऱ्यात अननस कुलातील अनेक प्रजातींचा समावेश होतो. दोहोंचे मूलस्थान अमेरिका खंड हेच आहे. परंतु झेंडू भारतात येऊन शेतापासून देव्हाऱ्यापर्यंत सर्वत्र रुळला, तर ब्रोमेलिया मुख्यत्वे रोपवाटिका, वनस्पतिसंग्रह व शहरी घरांच्या कुंड्यांपुरत्याच मर्यादित राहिल्या. याला अपवाद त्यांच्यातील एकाच वनस्पतीचा, म्हणजे अननसाचा. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या अवर्षणप्रवण तालुक्यांत बाग करताना या दोन गटांपैकी कशाची निवड करावी, हा केवळ आवडीचा प्रश्न नसून पाणी, ऊन, श्रम व काही प्रमाणात उपजीविका यांच्याशी निगडित आहे.

मूलस्थान व प्रसार : टॅजेटीस प्रजातीत सु. ५० जाती असून त्या मेक्सिको, मध्य अमेरिका व द. अमेरिकेत नैसर्गिक रीत्या आढळतात. मेक्सिकोतील ॲझटेक लोक झेंडूची फुले धार्मिक विधींत व औषधात वापरीत. आजही तेथे मृतांच्या स्मरणाच्या उत्सवात समाध्या झेंडूने सजवितात. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ही वनस्पती यूरोपात नेली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती इतकी पसरली, की मोठ्या फुलांच्या जातीला ‘आफ्रिकन झेंडू’ असे चुकीचे नाव पडले. लहान फुलांच्या जातीला ‘फ्रेंच झेंडू’ म्हणतात. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे झेंडूचा भारतात प्रवेश झाला. दसऱ्याचे तोरण, खंडोबाचा व गणपतीचा हार, लक्ष्मीपूजनाची आरास यांत आज अत्यावश्यक मानले जाणारे हे फूल अशा रीतीने अवघ्या चार-साडेचार शतकांपूर्वी येथे परके होते. हिंदीत त्याला गेंदा, गुजरातीत गलगोटो, कन्नडमध्ये चेंडु हूवु म्हणतात. कोकणात गोंडा व लहान जातीस मखमल अशीही नावे आहेत.

अननस कुलात सु. ७५ ते ८० प्रजाती व ३,५०० हून अधिक जाती असून एक अपवाद वगळता त्या सर्व अमेरिकेतील उष्ण व उपोष्ण कटिबंधांतच आढळतात. पिटकेर्निया फेलिसियाना ही एकच जाती प. आफ्रिकेतील गिनीमध्ये वाढते. ब्रोमेलिया हे नाव स्वीडिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ ओलॉफ ब्रोमेलिउस (१६३९–१७०५) यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. उद्यानविज्ञानात मात्र ‘ब्रोमेलिया’ ही संज्ञा त्या नावाच्या एका प्रजातीपुरती मर्यादित न ठेवता संपूर्ण कुलातील शोभेच्या वनस्पतींना सैलपणे लावतात व प्रस्तुत नोंदीत ती त्याच अर्थाने वापरली आहे. कोलंबस यांना १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर अननस आढळला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला व कोकण-गोव्याच्या दमट किनारपट्टीत नारळ-सुपारीच्या बागांत तो चांगला रुजला [⟶ अननस]. घाटमाथ्यावरील कोरड्या प्रदेशात मात्र त्याचा प्रसार झाला नाही. या कुलाच्या गरजा व मर्यादा समजण्यासाठी ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

वनस्पतिवर्णन : झेंडू ही सरळ वाढणारी, वर्षायू व उग्र वासाची ओषधी आहे. मोठ्या झेंडूची (टॅजेटीस इरेक्टा) उंची सु. ६० ते १०० सेंमी. व कधीकधी त्याहूनही अधिक असते. लहान झेंडू (टॅजेटीस पॅटुला) सामान्यपणे २० ते ४५ सेंमी. उंच व झुडपासारखा पसरट असतो. पाने संयुक्त, पिसासारखी विभागलेली असून दलांच्या कडेला तैलग्रंथींचे ठिपके असतात. पान चुरडल्यावर येणारा वास या ग्रंथींतील तेलाचा असतो. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचे बनलेले स्तबक असते. बाहेरची किरण-पुष्पके जिभेसारखी व मधली बिंब-पुष्पके नळीसारखी असतात. लागवडीतील ‘डबल’ प्रकारांत बहुतेक पुष्पके जिभेसारखी झाल्यामुळे फूल चेंडूसारखे गोल दिसते. मोठ्या झेंडूची फुले पिवळी, लिंबाच्या रंगाची किंवा नारिंगी असतात. लहान झेंडूत तांबूस तपकिरी छटा व दोन रंगांचे पट्टेही आढळतात. मोठ्या झेंडूच्या कोशिकेत २४ व लहान झेंडूच्या ४८ गुणसूत्रे असतात. त्यामुळे दोहोंच्या संकरापासून झालेली झाडे त्रिगुणित व बहुधा वंध्य असतात. त्यांना बी धरत नसल्याने ती दीर्घकाळ फुलत राहतात.

ब्रोमेलियांची रचना यापेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. त्या एकदलिकित, बहुधा आखूड खोडाच्या व बहुवर्षायू ओषधी असून पाने लांब, पट्ट्यासारखी व एकाच केंद्राभोवती गुच्छाने वाढणारी असतात. अनेक जातींत पानांचे तळ एकमेकांवर घट्ट बसून मध्यभागी पेल्यासारखी पोकळी तयार होते व तीत पावसाचे पाणी साठते. पुष्कळ जाती अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर केवळ आधारासाठी वाढणाऱ्या असतात. त्यांची मुळे पकडून ठेवण्याचे काम करतात व पाणी, पोषक द्रव्ये पानांवरील खवल्यांसारख्या केसांवाटे शोषली जातात. काही जाती जमिनीवर व काही खडकांवर वाढतात. पेरू व बोलिव्हियातील उंच पर्वतांवर वाढणारी पुया राइमोंडी ही जाती फुलण्यास कित्येक दशके घेते व तिचा फुलोरा धरून उंची सु. १० मी. पर्यंत जाते, याउलट टिलँडसिया उस्निऑइडीस ही जाती राखी धाग्यांच्या जटेप्रमाणे झाडांवरून लोंबत राहते.

शोभेच्या दृष्टीने ब्रोमेलियांतील रंग बहुधा पाकळ्यांचा नसून पुष्पदांड्यावरील रंगीत छदांचा किंवा पानांचा असतो. गुझमॅनियाची तांबडी-पिवळी छदे, व्ह्रिसियाचा तलवारीसारखा चपटा फुलोरा, एकमिया फॅसिॲटाची रुपेरी पट्ट्यांची पाने व गुलाबी छदे, निओरेगेलियाची फुलण्याच्या वेळी मध्यभागी लालभडक होणारी पाने, क्रिप्टँथसची जमिनीलगत चांदणीसारखी पसरलेली पाने हे प्रकार विशेष लोकप्रिय आहेत. दातेरी कडांमुळे काही जाती प्रथमदर्शनी घायपातीसारख्या दिसतात. परंतु घायपात वेगळ्या कुलातील आहे.

पाण्याचा वापर : दोन्ही गटांतील खरा भेद पाण्याच्या वापरात आहे. झेंडूची त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) इतर बहुसंख्य वनस्पतींप्रमाणे दिवसा उघडी असतात. कार्बन डाय-ऑक्साइड आत घेताना पानातील पाण्याची वाफ बाहेर पडते व ऊन जितके प्रखर तितका हा बाष्पोच्छ्वास अधिक होतो. अनेक ब्रोमेलियांत, विशेषतः रुक्ष ठिकाणच्या जातींत व अननसात, त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड सेंद्रिय अम्लाच्या रूपात साठविला जातो व दिवसा छिद्रे मिटलेली असताना प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. रात्रीची हवा थंड असल्याने पाण्याचा व्यय पुष्कळच कमी होतो. मात्र गुझमॅनियासारख्या सावलीतील अनेक जातींत ही क्रिया आढळत नाही. त्यामुळे ‘ब्रोमेलिया म्हणजे कमी पाण्याची वनस्पती’ हे विधान सरसकट खरे नाही.

शिरूर व दौंडची परिस्थिती : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सु. ५०० ते ६०० मी. उंचीवर आहेत. वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः ४५० ते ५५० मिमी. च्या आसपास असून तेही अनिश्चित असते. पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० से. च्या आसपास जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच थंड असतात. घोड, भीमा व मुळा-मुठा या नद्यांकाठी खोल काळी जमीन, तर माळावर उथळ मुरमाड जमीन आढळते. शिरूर तालुक्यात घोड व चासकमान प्रकल्पांच्या, तर दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यामुळे काही पट्टे बारमाही बागायतीचे झाले असून तेथे ऊस प्रमुख आहे. कालव्यापासून दूरची गावे मात्र विहिरी, कूपनलिका व टंचाईच्या वर्षी टँकर यांवर अवलंबून राहतात. कूपनलिकांचे पाणी बहुधा जड, क्षारयुक्त असते. एकाच तालुक्यात अशी दोन भिन्न जलस्थिती असल्यामुळे दोन्ही ठिकाणांसाठी बागेचा एकच नमुना उपयोगी पडत नाही.

या परिस्थितीत पाण्याचा हिशेब मांडून पाहणे उद्‌बोधक ठरते. एक चौ. मी. जागेवर एक मिमी. पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात रोजची गरज ८ मिमी. धरल्यास झेंडूच्या १० चौ. मी. वाफ्यास दिवसाला ८० लिटर व आठवड्याला ५६० लिटर पाणी लागेल. सावलीत ठेवलेल्या ब्रोमेलियांच्या वीस कुंड्यांना प्रत्येकी आठवड्याला एक लिटर दिले, तर वीस लिटर पुरतात. पावसाळ्यानंतरच्या पस्तीस आठवड्यांसाठी हा आकडा ७०० लिटर होतो. दहा चौ. मी. छपरावर वर्षाला ४५० मिमी. पाऊस पडला व त्याचे चार पंचमांश पाणी जमा झाले, तर ३,६०० लिटर मिळतात. म्हणजे लहानशा पडवीच्या छपराचे पाणी अशा संग्रहास पुरून उरते. उलट उन्हाळी झेंडूचा तोच वाफा हे सर्व पाणी सात आठवड्यांच्या आत संपवील. पावसाळी झेंडूच्या बाबतीत हा आक्षेप लागू होत नाही, कारण त्याच्या गरजेचा मोठा भाग पावसानेच भागतो. पाणीटंचाईच्या गावात झेंडू लावूच नये असा याचा अर्थ नसून तो कोणत्या हंगामात लावावा हे ठरविणे महत्त्वाचे आहे.

झेंडूची लागवड : झेंडू बहुतेक सर्व प्रकारच्या जमिनींत येतो, मात्र पाण्याचा निचरा चांगला हवा. बी ताजे असावे. ते चार ते सहा दिवसांत उगवते व २५ ते ३० दिवसांनी रोपे लावण्यायोग्य होतात. मोठ्या झेंडूसाठी सामान्यतः ४५ ते ६० सेंमी., लहान झेंडूसाठी २० ते ३० सेंमी. अंतर ठेवतात. रोप जोम धरू लागल्यावर शेंडा खुडल्यास बगलफांद्या फुटून फुलांची संख्या वाढते. मात्र पहिला तोडा काही दिवसांनी लांबतो. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो व फुले कमी येतात. मोठा झेंडू लहान दिवसांत लवकर फुलतो. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा नारंगी गेंदा, पुसा बसंती गेंदा व लहान झेंडूतील पुसा अर्पिता हे वाण प्रसिद्ध आहेत. यांशिवाय ‘कलकत्ता’ या नावाने ओळखले जाणारे प्रकार व खाजगी कंपन्यांचे संकरित वाण महाराष्ट्रात पुष्कळ लावले जातात. फुलशेतीवरील संशोधन करणारे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे संचालनालय पुणे येथेच आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे फुलण्याची वेळ साधणे. दसरा चांद्र पंचांगाप्रमाणे येत असल्याने त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला व २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता; २०२६ मध्ये अधिक मासामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. पुनर्लागणीनंतर ६५ दिवसांनी फूल भरात येते असे धरल्यास २०२५ साठी रोपे २९ जुलैला, तर २०२६ साठी १६ ऑगस्टला लावणे इष्ट ठरते. मागील वर्षाची तारीख डोळ्यांपुढे ठेवून लागण करणाऱ्याचा बहर अठरा दिवस आधी येऊन जातो. याच सुमारास सप्टेंबरचा जोराचा पाऊस आल्यास कळ्या कुजतात व भिजलेली फुले हारात टिकत नाहीत. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात सणाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत आवक एकदम वाढते व सण सरताच मागणी ओसरते. तोडलेले फूल दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नसल्याने साठवून ठेवण्याचा मार्ग नसतो. प्लॅस्टिकच्या फुलांच्या स्पर्धेचाही त्यात भर पडते. त्यामुळे सर्व क्षेत्र एकाच दिवशी न लावता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने लागण केल्यास दसरा, दिवाळी व मार्गशीर्षातील गुरुवार या तिन्ही प्रसंगी थोडीथोडी फुले हाती येतात व जोखीम विभागली जाते.

ब्रोमेलियांची जोपासना : या गटातील बहुतेक शोभेच्या जातींना गाळून आलेला प्रकाश, खेळती हवा व दमटपणा मानवतो. शिरूर-दौंडच्या मे महिन्यातील थेट उन्हात गुझमॅनिया व व्ह्रिसियाची पाने करपतात; त्यामुळे पूर्वेकडील पडवी, चिंच-आंब्यासारख्या झाडाची विरळ सावली किंवा सावलीचे जाळे आवश्यक असते. डायकिया, राखी पानांच्या टिलँडसिया, बिलबर्जिया व काही एकमिया त्या मानाने काटक असतात व सकाळचे ऊन सहन करतात. कुंडीत काळी माती वापरणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. ती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. नारळाच्या सालीचे तुकडे, विटांचा चुरा, कोळसा व थोडे कुजलेले पालापाचोळ्याचे खत यांचे भुसभुशीत मिश्रण योग्य असते. पाणी कुंडीपेक्षा मुख्यतः पानांच्या पेल्यात घालावे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास पानांवर पांढरे पुट चढून शोषक केस बुजतात, म्हणून पावसाचे साठविलेले पाणी उत्तम. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत फवारले जाणारे बोर्डो मिश्रण किंवा इतर ताम्रयुक्त औषधे ब्रोमेलियांना अपायकारक असतात. बागेलगत राहणाऱ्यांनी याची विशेष काळजी घेणे जरूर आहे.

ब्रोमेलियाचा प्रत्येक पर्णगुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. फुलोऱ्यानंतर तो हळूहळू सुकतो व तळापासून नवे कोंब येतात. केळीच्या मुनव्याप्रमाणे हा क्रम चालतो. कोंब मूळ रोपाच्या एकतृतीयांश ते निम्म्या उंचीचे झाल्यावर वेगळे करून लावतात. ते फुलण्यास साधारण एक ते तीन वर्षे लागतात. फूल आल्यावर झाड मेले असे समजून कुंडी टाकून देण्याचे प्रकार नवख्यांकडून अनेकदा घडतात. पूर्ण वाढलेले रोप फुलत नसल्यास पेल्यातील पाणी काढून, पिकलेल्या सफरचंदासह आठ-दहा दिवस पारदर्शक पिशवीत सावलीत बंद ठेवतात. फळातून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे काही आठवड्यांनी फुलोरा येतो. अननसाच्या शेतीत एकाच वेळी फळे मिळविण्यासाठी हेच तत्त्व वापरतात.

रोग, किडी व आरोग्य : झेंडूवर रोपावस्थेत मर, पावसाळ्यात पानांवरील करप्याचे ठिपके व कळीकूज, तर कोरड्या हवेत लाल कोळी व फुलकिडे यांचा उपद्रव होतो. याउलट जमिनीतील काही सूत्रकृमींविरुद्ध झेंडू स्वतःच उपयोगी पडतो. त्याच्या मुळांतील अल्फा-टेरथिएनील नावाचे संयुग त्यांना घातक असते. या परिसरातील डाळिंबाच्या बागांना मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा मोठा त्रास होत असल्यामुळे अशा बागांत झाडांभोवती झेंडू लावण्याची शिफारस केली जाते. मात्र त्यासाठी झेंडूची जिवंत मुळे किमान चार-पाच महिने जमिनीत राहावी लागतात. बांधावर दोन-चार झाडे लावून किंवा सुकलेली फुले मातीत टाकून हा परिणाम साधत नाही. टोमॅटोच्या पिकात फळे पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणूनही झेंडूच्या ओळी लावतात.

ब्रोमेलियांवर पिठ्या ढेकूण व खवले कीड आढळते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न माणसाच्या आरोग्याचा आहे. पानांच्या पेल्यात साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होऊ शकते. अमेरिकेतील अरण्यांत हेच लहानसे तळे बेडूक व अनेक कीटकांचे आश्रयस्थान असते. परंतु घराच्या पडवीत ते डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासास उपयोगी पडण्याची शक्यता असते. डासाच्या अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा काळ उष्ण हवेत आठवडा-दीड आठवड्याचा असल्याने दर पाच-सहा दिवसांनी पेल्यातील पाणी ओतून नवे भरणे हा साधा व पुरेसा उपाय आहे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी पाणी न साठविणाऱ्या क्रिप्टँथस, डायकिया व राखी टिलँडसिया यांसारख्या जातीच लावाव्यात. शाळा व रुग्णालये यांच्या आवारात हे पथ्य कटाक्षाने पाळणे आवश्यक आहे.

बागेतील स्थान व मोल : झेंडूची शोभा समूहात आहे. एकच रंग दाट लावलेला वाफा लांबूनही उठून दिसतो. म्हणून रस्त्याकडेची पट्टी, शाळेचे ध्वजस्तंभाभोवतीचे अंगण, देवळाचे आवार, रांजणगावसारख्या यात्रास्थानाचा परिसर यांस तो योग्य ठरतो. अनेक स्तबके एकामागून एक उमलत असल्याने बहर दीड ते अडीच महिने टिकतो. सुकलेली फुले वेळीच खुडल्यास तो लांबतो. त्यानंतर मात्र वाफा रिकामा होतो व नव्याने लागण करावी लागते. ब्रोमेलियाची शोभा जवळून पाहण्याची आहे. एका रोपाची रंगीत छदे दोन ते चार महिने, एकमिया फॅसिॲटाची कधी सहा महिन्यांपर्यंतही टिकतात व पानांची शोभा बारमाही असते. ब्राझीलमधील प्रसिद्ध उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स (१९०९–९४) यांनी स्वदेशी ब्रोमेलियांचे मोठे समूह सार्वजनिक उद्यानांत लावून त्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु ते दमट हवेतील काम होते व पूर्व पुणे जिल्ह्यात त्याचे अनुकरण उघड्यावर करणे व्यवहार्य नाही.

किंमतीतही दोहोंत मोठे अंतर आहे. झेंडूच्या एका ग्रॅममध्ये काहीशे बिया असतात व देशी प्रकारांचे बी घरच्या घरी पुढील हंगामासाठी राखता येते. संकरित वाणांचे बी मात्र दरवेळी विकत घ्यावे लागते. ब्रोमेलियाचे एक रोप त्या मानाने महाग पडते, पण एकदा घेतलेले रोप कोंबांच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकते व शेजारीपाजारी वाटता येते. पुणे–सोलापूर मार्गावरील सोरतापवाडी व उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांमुळे दौंडकरांना शोभेची रोपे सहज मिळू शकतात. दमट, झाकलेल्या जागेतून आणलेले रोप एकदम उन्हात न ठेवता दोन-तीन आठवडे सावलीत सरावू द्यावे लागते. झेंडूचे आणखी एक मोल म्हणजे त्याचा बहुविध उपयोग होय. फुलांतील ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात अंड्याच्या बलकाचा रंग वाढविण्यासाठी व इतर उद्योगांत वापरले जाते. निर्माल्याचे खतही उत्तम होते. बहुतेक शोभेच्या ब्रोमेलियांना असा दुय्यम उपयोग नाही.

निवड : वरील विवेचनावरून असे दिसते, की हे दोन गट परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. उघडे अंगण, भरपूर ऊन व पावसाळ्यातील ओल असेल तेथे झेंडू लावावा व बहर संपल्यावर उन्हाळ्यात वाफा पाचटाने झाकून पडीक ठेवावा. ज्या घरी सावलीची पडवी आहे, पण उन्हाळ्यात पिण्यासाठीही मोजून पाणी भरावे लागते, तेथे छपराच्या पाण्यावर पोसलेल्या काटक ब्रोमेलियांच्या थोड्या कुंड्या बाग हिरवी ठेवू शकतात. कालव्याच्या पट्ट्यात मुबलक पाणी आहे म्हणून भर उन्हाळ्यात मोठे शोभेचे वाफे राखणे व माळावरील गावात फुलांवाचून राहणे ही दोन्ही टोके टाळता येण्याजोगी आहेत. दोन्ही वनस्पती एकाच खंडातून आल्या. झेंडू येथील पावसाच्या चार महिन्यांशी जुळवून घेता येण्यासारखा होता म्हणून शेतात शिरला, तर ब्रोमेलियाला सावली व निगा देणारे घर लागते. बागेची आखणी करताना आधी पाण्याचा स्रोत, मग उन्हाचे तास व शेवटी फुलाचा रंग, या क्रमाने विचार केल्यास दोहोंचा योग्य उपयोग होतो.